आधी ती ट्रंक उघडा

प्रश्न : ताई, आमच्या गावचे कथाकार गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या कथांत आमचा आठवडी बाजार आहे, आमची माणसं आहेत. गावाचा फार जीव त्यांच्यावर. वाचनालयाच्या बैठकीत कुणी अर्धपुतळा म्हणतं, कुणी चौकाला नाव. त्यांच्या सूनबाई विचारतात, घरात वह्या-पत्रांनी भरलेली पत्र्याची ट्रंक आहे, तिचं काय करू? तुम्ही काय सुचवाल?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : आधी ती ट्रंक. पुतळा पुढच्या वर्षीही होईल, वह्यांची माती व्हायला मात्र एक पावसाळा पुरतो.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या. मग त्यांचा मुलगा, कवी सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, ते कागद कुणीतरी जपले म्हणून. मी आयुष्यभर ग्रंथपालाचं काम केलं. एका मोठ्या लेखकाची पत्रं रद्दीच्या तराजूत पडलेली मी पाहिली आहेत. अजून जीव तुटतो.

ट्रंक कोरड्या खोलीत, सावलीत उघडा. कागदांना ऊन दाखवू नका, ते ठिसूळ होतात. काही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कारण कुठल्या वहीत कुठलं पत्र खोचलं होतं, यावरूनच कथा कधी, कशातून सुचली ते पुढे कळतं. गंजलेली टाचणी ओढू नका; कागद आणि टाचणी यांच्यामध्ये जाड कागदाचा तुकडा सरकवून ती अलगद सोडवा. फाटल्या पानाला चिकटपट्टी नको. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा काढता येत नाही. मूळ कागद सूनबाईंचेच राहतील, हे लेखी द्या. गावकीत पुढे वाद होतात.

पुतळ्याला माझा विरोध नाही. पण ठरवण्याआधी मालगुंडला जाऊन या. तिथे केशवसुतांचं जन्मघर जपलं आहे आणि स्मारकात त्यांच्या कविता कोरलेल्या आहेत. येणारा माणूस उभ्या उभ्या कविता वाचतो. चौकात पाटी लावायचीच असेल, तर नावाखाली त्यांची चार वाक्यं असू द्या.

कार्यक्रम पुण्यतिथीऐवजी जयंतीला करा. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ला गेले, पण महाराष्ट्र त्यांना २७ फेब्रुवारीला, त्यांच्या जन्मदिवशी आठवतो. तुम्ही जवळचा बाजारवार धरा आणि बाजारातच त्यांच्या कथेतला उतारा वाचा. भाजीवाल्या मावशींपैकी कुणी वाचणार असेल तर पहिला मान तिचा. असा वाजवी उतारा जाहीर वाचायला कायद्याची आडकाठी नाही. मात्र पुस्तक पुन्हा छापायचं किंवा कथेवर नाटक बसवायचं, तर हक्क कुणाकडे आहेत ते पाहून लेखी परवानगी घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो आणि काही हक्क प्रकाशकाकडेही असू शकतात. सूनबाईंना जुने करारपत्र शोधायला सांगा, तेही बहुधा त्याच ट्रंकेत असेल.