पाट मांडताना : शार्क्युटरी बोर्डबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आठ पाहुण्यांसाठी शार्क्युटरी बोर्ड (मुरवलेलं मांस, चीज, फळं, सुकामेवा यांची सजवलेली फळी) मांडायचा आहे. फोटोत दिसतो तसा भरगच्च का होत नाही? (ठाणे)

उत्तर : बहुतेक वेळा फळी मोठी असते आणि सामान आडवं पसरलेलं. जेवणाआधी तोंडात टाकायला माणशी 50 ग्रॅम मांस आणि 50 ग्रॅम चीज पुरतं, म्हणजे आठ जणांना दोन्ही 400-400 ग्रॅम. त्याला साधारण 30 बाय 45 सेंटिमीटरची फळी हवी. त्याहून मोठी घेतली की मधे टक्कल दिसतं. पोळपाट लहान पडतो. बसायच्या पाटाला पॉलिश असतं, म्हणून त्यावर आधी बटर पेपर अंथरा.

ओलं सामान वाट्यांत ठेवायचं : ऑलिव्ह, व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या, मोहरीची चटणी, अंजिराचा जॅम. आधी या तीन-चार वाट्या तिरक्या ओळीत मांडा, मग चीज एकमेकांपासून लांब. मांस त्यांच्यामधून वाहतं ठेवायचं. सलामीची (मुरवून वाळवलेल्या मांसाच्या सॉसेजची) चकती दोनदा दुमडून चौथाई करा आणि अशा पाच-सहा घड्या एकमेकींना टेकवून उभ्या करा. एकटी घडी लगेच उलगडते. गुलाब हवा असेल तर अरुंद पेल्याच्या काठावर चकत्या निम्म्या-निम्म्या चढवत दोन-तीन फेरे करा आणि पेला फळीवर पालथा घाला. प्रोशुटोचे (मुरवलेल्या डुकराच्या मांडीचे) पातळ काप मात्र फ्रिजमधून काढल्याबरोबर सोडवा. चरबी गार असते तोवर ते सुटतात, नंतर चिकटून फाटतात. त्यांना सैल चुण्या पाडून ठेवलं की पुरे, गुलाबाचा हट्ट नको.

राहिलेल्या फटी द्राक्षांचे छोटे झुबके आणि बदाम-अक्रोडांनी भरा. डाळिंबाचे दाणे सुंदर दिसतात, पण ब्रीवर (मऊ, पांढऱ्या चीजवर) लाल डाग पाडतात. सफरचंदाच्या फोडी कपभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून बुडवून काढा आणि पुसून मांडा, म्हणजे काळ्या पडत नाहीत.

प्रश्न : सलामीऐवजी गोव्याचं चोरीस (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) कापून ठेवलं तर? (पणजी)

उत्तर : कच्चं अजिबात नको. चकत्या करून तसंच खायचं स्पॅनिश चोरिथो कित्येक आठवडे मुरवून वाळवलेलं असतं. गोव्याच्या चोरिसात मिरची, व्हिनेगर, मसाला असला तरी ते शिजवूनच खायचं असतं. वरचं आवरण काढा, थोड्या पाण्यात मंद आचेवर वीसेक मिनिटं शिजवा आणि पाणी आटू द्या. तेल घालू नका, त्याची स्वतःची चरबी भरपूर सुटते. हेच लाल तेल फळीवर पसरून चीज रंगवतं, म्हणून चोरीस खोलगट वाटीत, गरम आणि शेजारी पोई, म्हणजे गोव्याचा पाव. बोर्डावर याच वाटीभोवती गर्दी होईल.

प्रश्न : क्रॅकर मऊ पडतात आणि चीजला घाम येतो. मुंबईची हवा बदलता येत नाही, काय करावं? (दादर)

उत्तर : क्रॅकर सर्वांत शेवटी, पाहुणे आल्यावर, आणि फळांना न चिकटता. मऊ पडलेच तर ओव्हनमध्ये 150 अंशांवर पाच मिनिटं ठेवून पूर्ण गार होऊ द्या. गरम क्रॅकर डब्यात भरले तर वाफेने पुन्हा नरम होतात.

चीजवर दिसणारे थेंब पाण्याचेही असू शकतात आणि चरबीचेही. चेडर तेलकट चमकायला लागलं म्हणजे ते फार वेळ बाहेर राहिलंय. चव खुलायला अर्धा तास आधी बाहेर काढतात, पण हा हिशेब थंड खोलीचा. एप्रिल-मेमध्ये पंधरा-वीस मिनिटं खूप झाली. मांस आणि मऊ चीज बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि खोलीत 32 अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास. म्हणून निम्मं सामान मांडा, निम्मं फ्रिजमध्ये ठेवा आणि लागेल तशी भर घाला.

प्रश्न : काही पाहुणे शाकाहारी आहेत. चीज तरी एकत्र ठेवावं का? (पुणे)

उत्तर : फळीच वेगळी करा, सुऱ्याही वेगळ्या. शिवाय चीज शाकाहारीच असतं असं नाही. इटलीचं पार्मिजानो रेज्जानो हे कडक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या पाचक द्रव्याने) विरजतात. वेष्टनावरचा हिरवा ठिपका बघूनच घ्या. डुकराचं मांस कोण खात नाही, हेही आधी विचारा. पाहुण्यांत कुणी गरोदर असेल तर तिच्यासाठी ब्री, निळं चीज आणि न शिजवलेलं मुरवलेलं मांस वर्ज्य, लिस्टेरिया जंतूंमुळे. चेडर, फळं, सुकामेवा यांची तिच्यापुरती वेगळी ताटली आधीच भरून ठेवा.