अरुण खेत्रपाल यांनी जळता रणगाडा सोडण्याचा हुकूम मानला नाही, हा अविचार नव्हता का? लष्करी शिस्तीत हे कसं बसतं?

नव्हता. मी रणगाड्यावर गनर म्हणून नोकरी करून निवृत्त झालोय, त्यामुळे हे ऐकून मला गप्प बसवत नाही.

आमचे दाजी भाचीच्या लग्नात भर मांडवात हेच बोलले होते. "एकवीस वर्षांचं पोरगं, रक्त गरम. ऐकलं असतं तर जगलं असतं." लग्नघर म्हणून तेव्हा आवाज चढवला नाही. पंगती उठल्यावर मात्र त्यांना बसवलं आणि खुर्च्या मांडून १६ डिसेंबर १९७१ ची, पाकिस्तानशी झालेल्या युद्धातली जरपालची लढाई दाखवली. तीन खुर्च्या म्हणजे आपले तीन रणगाडे: मल्होत्रा साहेब, अहलावत साहेब, खेत्रपाल साहेब. मागे बसंतर नदी आणि सुरुंगांचा पट्टा. सुरुंग पुरते निघायच्या आतच पूना हॉर्स, म्हणजे खेत्रपाल साहेबांची रणगाडा रेजिमेंट, रात्री त्यातून पुढे घुसली होती. समोर पाकिस्तानच्या १३ लान्सर्स रेजिमेंटचे पॅटन रणगाडे, त्यासाठी केटरिंगवाल्याच्या सगळ्या खुर्च्या ओढल्या. मग अहलावत साहेबांची खुर्ची आडवी केली, कारण त्यांच्या रणगाड्याला गोळा लागला. मल्होत्रा साहेबांची पाठमोरी फिरवली, त्यांची तोफ चालेना. म्हटलं, दाजी, आता तुम्हीच सांगा, तिसरी उचलू का? उचलली तर पॅटनना अडवायला तिथे कोण उरतं?

दाजी म्हणाले, "तू फौजी, तू फौजेचीच बाजू घेणार." आणि उठून गेले.

बाहेरच्याला वाटतं, कमांडर उतरला तरी तोफ चालू राहील. गनरला दुर्बिणीतून मैदानाचा एवढासा गोल दिसतो. कुठला रणगाडा आधी टिपायचा, हे कमांडर ठरवतो. खेत्रपाल साहेबांनी रेडिओवर कारण दिलं होतं, की माझी तोफ अजून चालतेय. हा हिशेब आहे, गरम रक्त नव्हे. त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे गेले, त्यातले चार एकट्या त्यांच्या नावावर. १३ जूनला कमिशन मिळून अधिकारी झाले, म्हणजे नोकरी सहा महिन्यांची. नगरचा यंग ऑफिसर्स कोर्स अर्धा टाकून आलेले. मरणोत्तर परमवीर चक्र दिलं, शिस्तीचं उत्तर मी त्यातच धरतो. कायद्याचं कलम एखाद्या अधिकाऱ्याला विचारा.

एक आहे, रणगाड्यात ते एकटे नव्हते, आतल्या जवानांचाही जीव पणाला होता. ते वजन मी नाकारत नाही. आणि उद्या कुणी नवा लेफ्टनंट प्रत्येक हुकमावर असा वाद घालू लागला, तर ते मला चालणार नाही.

त्यांचा 'फामागुस्ता' रणगाडा नगरला आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवलाय. तो सेंच्युरियन जातीचा, त्याच्या आत माणसाला हलायला किती जागा असते, हे आधी नीट बघा. मग अविचार म्हणा. दाजींनाही मी तेच सांगतोय, अजून आले नाहीत.