करपा-प्रतिकारक बटाटा लावला, तर फवारणी पूर्ण बंद करता येते का?

पूर्ण बंद करू नका, कमी करा.

उशिरा येणारा करपा ज्या फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो, तो फार लवकर रूप बदलतो. मेक्सिकोतल्या सोलॅनम डेमिसम या रानटी बटाट्यातली प्रतिकारक जनुकं विसाव्या शतकात एकेक करून वाणांत आणली गेली आणि फायटोफ्थोरानं ती बरीचशी निकामीही केली. औषधांचंही तेच. मेटॅलॅक्झिल या करप्यावरच्या औषधाला दाद न देणारे फायटोफ्थोराचे प्रकार युरोपात १९८० च्या सुमारासच दिसले. म्हणून दोघांनी एकमेकांना राखायचं: औषधामुळे वाणावरचा ताण कमी होतो, वाणामुळे औषधावरचा.

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या प्रकल्पात (२००६ ते २०१५) एकाच वाणात अनेक रानटी जनुकं घातली आणि रोगावर नजर ठेवून गरजेपुरतंच फवारलं. औषधाचा वापर ८० टक्क्यांहून जास्त घटला. एका जनुकापेक्षा दोन-तीन एकत्र असलेली बरी, हे उघडच आहे.

व्यवहारात माझं मत असं की मात्रा कापण्यापेक्षा दोन फवारण्यांमधलं अंतर वाढवावं, तेही हवामानाचा अंदाज बघून. दमट हवेत सकाळी पान उलटून बघा. ओलसर डागाच्या कडेला पांढरी बुरशी दिसली, तर वाण प्रतिकारक आहे म्हणून थांबू नका.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही: फवारणी घटली की आजवर त्याच औषधानं दबलेला लवकर येणारा करपा (अल्टरनेरिया) डोकं वर काढतो. शिवाय पान प्रतिकारक असलं तरी कंद असेलच असं नाही. त्यामुळे कंद झाकलेले राहतील अशी मातीची भर नीट द्या.