तिथी विचारून ये

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

गावच्या मुंबईकर मंडळाने तुझ्या पणजोबांच्या धाकट्या भावावर लिहायचं काम तुझ्याकडे दिलं, फार बरं वाटलं. पाठवलेला मजकूर दोनदा वाचला. त्यात ‘शूर’ सात वेळा आलंय, वय एकदाही नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडले तेव्हा ते किती वर्षांचे होते गं?

नाईक यशवंत घाडगे यांचं बघ. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. बरोबरचे सगळे मशिनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. गोळ्या भरायला वेळ नव्हता, तर बंदूक नळीकडून धरून तिनेच झुंजले आणि दबा धरलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं. वय २२. सन्मानपत्रात ती काही मिनिटं आहेत; माणगावजवळच्या पळसगावात वाढलेला मुलगा त्यात नाही. तू ज्यांच्यावर लिहितेस त्यांना पदकही नाही. म्हणजे त्यांचं जगणं लिहिलंस तरच ते उरणार.

आधी कागद शोध. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची नोंद इंटरनेटवर फुकट बघता येते. आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहून बघ, कारण गोऱ्या कारकुनांनी कानाला लागलं तसं लिहिलंय. नोंदीत कुलाबा दिसलं तर आपलं दक्षिण मुंबईतलं कुलाबा समजू नकोस. आजच्या रायगडचं तेव्हाचं नाव कुलाबा जिल्हा. थडगं सापडेलच असं नाही. घाडग्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे, ज्यांचं थडगं ठाऊक नाही अशांच्या ४,००० हून अधिक नावांत. आपल्या कित्येक जवानांना तिथेच अग्नी दिला. सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानात अशा ५०० हून अधिक जणांचं वेगळं स्मारक आहे. तेही बघ.

‘इंग्रजांसाठी मेला, त्याचं काय एवढं?’ असं मंडळात कुणीतरी विचारेल. चिडू नकोस, टाळूही नकोस. साम्राज्याचं कौतुक तुला करायचं नाहीये. पलटणीत का गेले, मनिऑर्डर कुणाच्या नावे यायची, त्यावर घरात किती तोंडं जगत होती, हे लिही. मला तरी त्या प्रश्नाचं याहून खरं उत्तर ठाऊक नाही.

मी तरुणपणी एका जवानावर लिहिलं होतं. छापून आल्यावर अंक घेऊन त्याच्या आईकडे गेलो. तिने सगळं वाचून घेतलं आणि म्हणाली, ‘त्याला पोहता येत नव्हतं, आम्ही सगळे हसायचो, ते नाही घातलंस?’ मी विचारलंच नव्हतं. ते आजही सलतं.

म्हणून या रविवारी परळच्या आत्याआजीकडे जा. वही घेऊन जा, फोन पिशवीत ठेव. त्यांची चेष्टा कशावरून व्हायची ते विचार. बायको मागे राहिली असेल तर पुढे तिचं काय झालं, तेही विचार. आपल्याकडे हा भाग नेहमी गळतो. आणि घरात त्यांचं पान कधी ठेवतात ते विचारून घे. मरणाचा दिवस कळला नाही म्हणून बहुधा सर्वपित्रीला ठेवत असतील. नोंदीत तारीख मिळाली, तर जुन्या पंचांगातून तिथी काढून आधी आत्याआजीला कळव. मंडळाचा कार्यक्रम नंतर.

तुझा,
काका