वाचकांचे प्रश्न : पावसातील वरंध आणि ताम्हिणी

प्रश्न : ऑगस्टमध्ये पुण्याहून भोर, वरंध घाट, महाड आणि परतताना ताम्हिणी अशी फेरी एका दिवसात मोटारीने करण्याचा विचार आहे. सोबत सत्तरीतले आईवडील आणि शाळकरी मुलगी असेल. हे जमेल का, आणि वाटेत कोठे थांबावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ही फेरी साधारण अडीचशे किलोमीटरची आहे, त्यामुळे अंतर पाहता ती एका दिवसात होऊ शकेल, परंतु दोन घाट, धुके आणि ज्येष्ठ मंडळी असा योग असताना महाडला मुक्काम करावा, असे आम्ही सुचवू. त्याआधी वरंध घाट खुला आहे का, याची खात्री करून घ्यावी. दरडींच्या धोक्यामुळे पावसाळ्यात हा घाट बंद ठेवण्याचे आदेश जिल्हा प्रशासन काढते; ही बंदी कधी केवळ अवजड वाहनांना असते, तर कधी सर्वांनाच. बंदी असताना 'गावची माणसे जातातच की' अशा सल्ल्याला भुलू नये. महाड तालुक्यातील तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. कातळावरील मातीचा थर पाणी मुरून जड झालेला असतो, त्यामुळे पाऊस उघडला तरी धोका लगेच टळत नाही.

घाट खुला असेल तर पहिला थांबा नसरापूरजवळील बनेश्वरचा घ्यावा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ मध्ये उभारलेले हे झाडीतील मंदिर, आवारातील कुंडे आणि वसईच्या मोहिमेतून आलेली घंटा निवांतपणे पाहता येते. भोर ओलांडल्यावर नीरा देवघर धरणाचा जलाशय बराच काळ सोबत करतो. आमच्या मते या वाटेवरील सर्वांत देखणा भाग हाच आहे. मात्र घाट गाठण्याच्या घाईत बहुतेक जण तो धावत्या खिडकीतूनच संपवतात. वरंध घाटात थांबायचे झाल्यास वाघजाई मंदिरापाशीच थांबावे. तेथे चहा आणि गरम कांदाभजी मिळतात, समोर दरीत कोसळणारे धबधबे दिसतात. भजी तेवढी माकडांपासून सांभाळावीत. एरवी वळणावर किंवा डोंगराच्या कडेला छायाचित्रासाठीही वाहन उभे करू नये.

घाट उतरल्यावर, महाडच्या अलीकडे शिवथरघळीचा फाटा लागतो. समर्थ रामदासांनी 'दासबोध' येथे सांगितला अशी परंपरा आहे. घळीलगतचा धबधबा ऑगस्टमध्ये भरात असतो, परंतु पायऱ्या ओल्या असतात. आईवडिलांचे गुडघे साथ देत नसतील तर त्यांना आग्रह करू नये. त्यांना महाडमधील चवदार तळे अधिक सोयीचे पडेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये ज्या तळ्याचे पाणी प्राशन करून सत्याग्रह केला, ते हे तळे मुलीलाही आवर्जून दाखवावे.

दुसऱ्या दिवशी माणगाव, निजामपूरमार्गे ताम्हिणी चढावा, मात्र शनिवार-रविवार टाळून. सुटीच्या दिवशी तेथे धबधब्यांपेक्षा मोटारींचीच रांग अधिक दिसते. घाट संपल्यावर मुळशीचा जलाशय लागतो. याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला होता.

प्रश्न : घाटात धुके दाटल्यावर चारही इंडिकेटर लावून मोटार चालवणे योग्य आहे का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : नाही. चारही इंडिकेटर लुकलुकत असले की वाहन थांबलेले आहे असा मागच्याचा समज होतो, शिवाय आपण कोणत्या बाजूला वळणार हेही त्याला कळत नाही. दिव्यांचा झोत खाली ठेवावा, कारण वर केलेला प्रकाश धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो. काचेवर आतून वाफ धरल्यास एसीची हवा काचेकडे वळवावी. चढ ज्या गिअरमध्ये चढता, उतारही त्याच गिअरमध्ये उतरावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. आणि अरुंद जागी समोरून चढणारे वाहन आले तर उतरणाऱ्याने थांबून त्याला वाट द्यावी, असा नियमच आहे.