खाडीच्या पाण्यातलं शिसं आणि कॅडमियम इलेक्ट्रोडने मोजता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: ठाणे खाडीच्या पाण्यातलं शिसं आणि कॅडमियम मोजायचंय, हाताशी पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरलेलं व्होल्टेज देऊन विद्युतप्रवाह मोजणारं यंत्र) आहे, आयसीपी-एमएस (धातूंचे अगदी सूक्ष्म अंश मोजणारं महागडं यंत्र) परवडत नाही, आणि मिठामुळे सगळं बिघडेल अशी धास्ती आहे.

मिठाची काळजी सोडा. आयसीपी-एमएसवाल्यांना ते छळतं. आपल्याला मात्र फुकटात इलेक्ट्रोलाइट, म्हणजे पाण्यातून वीज वाहू देणारं द्रव्य, मिळतं.

पद्धत अॅनोडिक स्ट्रिपिंग व्होल्टमेट्री, म्हणजे धातू आधी इलेक्ट्रोडवर जमवायचा आणि मग तो सुटताना वाहणारा प्रवाह मोजायचा. ग्लासी कार्बनच्या (काचेसारख्या कठीण कार्बनच्या) इलेक्ट्रोडवर बिस्मथ या धातूचा पातळ थर चढवा (2000 साली रसायनशास्त्रज्ञ जोसेफ वांग यांच्या गटाने हा पर्याय पुढे आणल्यापासून आधी वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या थरावाचून अडत नाही). उणे 1.2 व्होल्टवर पाणी ढवळत काही मिनिटं धातू जमू द्या, मग व्होल्टेज वर न्या. कॅडमियम उणे 0.8 च्या आसपास सुटतं, शिसं उणे 0.5 ला. धातू सुटताना प्रवाहाच्या आलेखात शिखर उमटतं, त्याच्या उंचीवरून प्रमाण कळतं. समुद्राच्या पीएचला बिस्मथचं हायड्रोलिसिस होतं, म्हणून अॅसिटेट बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) पीएच 4.5 वर आणा.

खरी मारामारी नमुन्याची आहे. 1970 च्या दशकात भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी दाखवून दिलं की खुल्या समुद्रातल्या शिशाचे तोवर छापलेले आकडे कितीतरी फुगलेले होते. ते शिसं बाटल्यांचं, जहाजाचं आणि प्रयोगशाळेचं होतं! जस्तही मोजणार असाल तर पावडरचे हातमोजे आणि होडीवरची गॅल्व्हनाइज्ड बादली आधी बाजूला ठेवा. बाटल्या पॉलिथिनच्या, आम्लात भिजवून धुतलेल्या. पाणी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि लगेच शुद्ध नायट्रिक आम्ल घालून पीएच 2 च्या खाली न्या.

दुसरी अडचण सेंद्रिय द्रव्यांची. खाडीत सांडपाणी असतंच. त्यातली काही द्रव्यं धातूला धरून ठेवतात, काही इलेक्ट्रोडवर चिकटून शिखर बुटकं करतात. एकूण धातू हवा असेल तर आम्ल घातलेल्या नमुन्याला यूव्ही दिव्याखाली ठेवून ती मोडावी लागतात. तसंच, डिस्टिल्ड पाण्यात काढलेला कॅलिब्रेशनचा (शिखराची उंची आणि प्रमाण यांचा) आलेख खाडीच्या पाण्याला लावू नका. त्याच नमुन्यात स्टँडर्ड (धातूचं प्रमाण ठाऊक असलेलं द्रावण) थोडं थोडं घालत उत्तर काढा, आणि ब्लँक (नमुन्याऐवजी घेतलेलं शुद्ध पाणी) नमुन्याच्याच सगळ्या पायऱ्यांतून न्या, बाटली-फिल्टरसकट. माझ्या मते ब्लँक न दिलेला आकडा वाचूच नये.

उद्या तांबंही हवं झालं तर बिस्मथ चालणार नाही, कारण तो स्वतःच तांब्याच्या शेजारी सुटतो. तिथे पाऱ्याचा थर घेता येईल.