अपिलात गुडघ्याचं दुखणं लिहू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सैन्याने नाकारलेल्या अपंगत्व पेन्शनसाठीच्या तुझ्या अपिलाचा मसुदा वाचला. दोन पानं गुडघा किती दुखतो यावरच खर्ची घातलीस. मांडी घालता येत नाही, जिना उतरवत नाही, सगळं खरं. पण बोर्ड ते नाकारतच नाही. सैन्यातून सुटताना तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने तुला 20 टक्के अपंगत्व दिलंय, तेही कायमचं. पेन्शन अडलीय ती दुसऱ्याच शेऱ्यावर: हे अपंगत्व सेवेमुळे आलेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही. भांडायचं त्या शेऱ्याशी.

20 चे 30 करून मागण्यात जीव घालवू नकोस. पात्रतेला 20 लागतात, ते तुझ्याकडे आहेत. त्यापुढे 50 च्या आतलं सगळं 50 धरतात, आणि सर्व्हिस पूर्ण करून आलेल्यांनाही हे लागू आहे, असं सुप्रीम कोर्टाने 2014 साली राम अवतार प्रकरणात सांगितलं. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के पेन्शन, म्हणजे 50 धरून तुला 15. (तू सप्टेंबर 2023 च्या आधी घरी आलास म्हणून हा हिशेब; नंतरच्यांना नवे नियम आहेत.)

गुडघा युनिटच्या व्हॉलीबॉल मॅचमध्ये गेला, हे मात्र तू चक्क गाळलंस! खेळताना म्हटलं की केस गेली, असं बराकीत सगळेच सांगतात. पण युनिटने भरवलेला खेळ ड्यूटीतच मोजतात. सुट्टीत गावच्या मैदानावर पाय मोडला असता तर गोष्ट वेगळी होती.

तेव्हाचा इंज्युरी रिपोर्ट, हॉस्पिटलचे डिस्चार्ज कागद आणि मेडिकल बोर्डाच्या अहवालाची प्रत, सैनिकांचे सेवेचे कागद ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागव. देईनात, तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. भरतीच्या तपासणीत गुडघ्यावर काही शेरा नव्हता, हे पहिल्याच परिच्छेदात येऊ दे. तसा शेरा नसेल तर आजार सेवेत उद्भवला असं धरायचं, उलट सिद्ध करायचं ते सरकारने, हे धरमवीर सिंग निकालाने 2013 मध्ये सांगितलंय. बोर्ड ‘वयोमानाची झीज’ म्हणतं. पस्तिशीत एकाच गुडघ्याचं वय झालं का, असं विचार त्यांना.

नकाराचं पत्र हातात पडल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील जायला हवं. ते फेटाळलं तर दुसरं, मग मुंबईतलं सशस्त्र दल न्यायाधिकरण. थकबाकीतून हिस्सा मागणारा एजंट दारात आला तर चहा पाजून परत पाठव. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत फुकट मिळते.

नवा मसुदा एका पानात बसव आणि रविवारपर्यंत मला पाठव.